धावपळीच्या घरातले विणकाम: आवडीची लोकर कोणत्या विणीला द्यावी?

ओटीवरची सुई

नमस्कार मंडळी,

आमचे घर गुहागर तालुक्यात आहे आणि घरात तीन पिढ्या एकत्र नांदतात. सकाळी मुलांचे डबे, सासऱ्यांची औषधे, नंतर आगरातले शिंपणे, संध्याकाळी पुन्हा स्वयंपाक, चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई आणि भाद्रपदात गणपतीसाठी मुंबईहून आलेली मंडळी, अशा रहाटगाडग्यात विणकामाला सलग तासभर कधी मिळत नाही. मिळते ती दहा-पंधरा मिनिटांची, तुकड्या-तुकड्यांची फुरसत. तरीही सुया माझ्या हातून सुटलेल्या नाहीत. या सगळ्यातून माझे एक ठाम मत झाले आहे आणि त्यावर इथल्या विणकाम करणाऱ्यांचे विचार जाणून घ्यावेत, म्हणून हा धागा काढते आहे.

माझे म्हणणे असे की आपल्याला सर्वांत प्रिय असलेली लोकर सर्वांत सोप्या विणीसाठी वापरावी. पुष्कळ घरांत याच्या नेमके उलट होते. एखादा मऊ, महागाचा, रंगाने मनात भरलेला गुंडा हाती आला की त्याला साजेसा म्हणून वेणीचा किंवा जाळीचा अवघड नमुना शोधला जातो. तो नमुना शांतपणे करता यावा म्हणून गुंडा ट्रंकेत जातो, आणि भरल्या घरात तशी शांतता लाभत नसल्याने तो पावसाळ्यामागून पावसाळे ट्रंकेतच काढतो. घाटावर कोरड्या हवेत हे एक वेळ चालून जाईल. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींनाही ओल येते, तिथे ठेवणीतली लोकर सुरक्षित असते असे मानणे धाडसाचे आहे.

सोप्या विणीचा आग्रह मी केवळ वेळ वाचतो म्हणून धरत नाही. सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलट विणायच्या असल्या, की डोळे कागदावर किंवा मोबाईलवर खिळून राहत नाहीत आणि सगळे लक्ष बोटांत उतरते. डाव्या हाताच्या तर्जनीने पुढचा टाका सुईच्या टोकाशी सरकवताना त्या लोकरीचा पीळ, तिचा किंचित उबदार स्पर्श, दोऱ्याची कुठे बारीक तर कुठे जाड होत जाणारी कताई, हे सारे जाणवते. ज्या गुणांसाठी ती लोकर आपण घेतली, ते गुण अशा वेळी खऱ्या अर्थाने उपभोगता येतात. नक्षीदार नमुन्यात टाके मोजण्याच्या नादात हे सुख हरवते.

दुसरे कारण तांत्रिक आहे. अवघड नमुना म्हटला की उसवणे आलेच, आणि ज्या घरात दर पाच मिनिटांनी कोणीतरी हाक मारते तिथे ते अधिकच आले. सैल पिळाची एकपदरी मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) वारंवार उसवली तर तिला रोवा सुटतो आणि ती जागोजागी तुटू लागते. मोहेरसारख्या केसाळ लोकरीचे टाके एकमेकांत असे गुंततात की ती धड उसवताच येत नाही. याउलट घट्ट पिळाचे सुती दोरे आणि चौपदरी ॲक्रिलिक चार वेळा उसवले तरी फारशी तक्रार करत नाहीत. म्हणून नक्षीचे प्रयोग त्यांच्यावर करावेत आणि लाडक्या लोकरीला साधेपणा द्यावा, असे मला मनापासून वाटते.

मध्येच उठावे लागण्याबद्दलही दोन गोष्टी सांगते. शक्यतो चालू सुई पूर्ण करूनच काम खाली ठेवावे, कारण अर्धवट सुईवर बराच काळ राहिलेले टाके ताणले जातात आणि तिथे वीण सैल दिसते. अगदीच उठावे लागले, तर परत आल्यावर गुंड्याकडे जाणारा दोरा कोणत्या सुईवरून निघतो ते पाहावे. ती सुई उजव्या हातात धरायची. दिशा चुकून काम उलटे धरले गेले तर त्या जागी भोक पडते आणि विणीची एक बाजू दोन ओळींनी वाढते.

आपण सर्वजण काय करता? आवडीची लोकर जपून ठेवता की लगेच सुईवर घेता?

माजघर

ताई, विषय फार चांगला काढलात. मात्र तुमच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि का नाही ते सांगते.

मी वेंगुर्ल्याला असते. दिवसभर माझ्या हातून होणारी बहुतेक कामे विचार न करता होणारी असतात. भांडी, कपडे, झाडलोट, मासळी साफ करणे या सगळ्यांत हात चालतात आणि मन मोकळे राहते, म्हणजे खरे तर ते काळज्यांना मोकळे राहते. रात्री सगळे निजल्यावर जो अर्धा तास मिळतो त्यात मला मनाला गुंतवून ठेवणारी वीण हवी असते. पानांची जाळी विणताना दोन टाक्यांचा एक करणे, दोरा पुढे घेणे, पुन्हा दोन टाक्यांचा एक करणे या क्रमात दुसरा विचार शिरतच नाही. अशी जाळी मी सर्वांत चांगल्या दोऱ्यावरच करते, कारण जाळीच्या विणीत दोऱ्याचा दर्जा लपत नाही.

उसवण्याच्या भीतीवर माझा उपाय आधारदोऱ्याचा आहे. नमुन्याची एक पुनरावृत्ती पुरी झाली की वेगळ्या रंगाचा बारीक सुती दोरा शिवणाच्या बोथट सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून आरपार काढायचा आणि तो तसाच ठेवून पुढे विणायचे. पुढे काही बिघडले तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवते, त्याखालचा एकही टाका हलत नाही. ओळी मोजण्यासाठी दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके पुरतात. एक सुई झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत टाकायचा. घरातली लहान मुले हे काम फार निष्ठेने करतात आणि आपले मोजमाप त्यामुळे हाकांच्या गदारोळातही टिकते.

एका बाबतीत मात्र तुमचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. ट्रंकेत ठेवून लोकर टिकत नाही.

खाडीपलीकडे

ओटीवरची सुई आणि माजघर, दोघींचेही प्रतिसाद वाचले. माझी अडचण थोडी वेगळी आहे. सून दापोलीला असते आणि श्रावणात आमच्याकडे बाळ येणार आहे. तिच्या बाळासाठी टोपडे, कुंची आणि पायमोजे विणायचे मनात आहे. माझ्याकडे कुलू-मनालीच्या सहलीतून आणलेली अतिशय मऊ लोकर आहे आणि ती याच कामी यावी अशी फार इच्छा आहे. परंतु श्रावणातल्या हवेत बाळाला लोकर सोसेल का? नसल्यास कोणता दोरा घ्यावा? मी सुलट, उलट आणि गुंफण एवढेच जाणते.

ओटीवरची सुई

काकू, आधी आपले मनःपूर्वक अभिनंदन.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दोऱ्यांच्या स्वभावाबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल. अस्सल लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के इतका ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणूनच थंड आणि ओल्या प्रदेशात तिला तोड नाही. आपल्याकडे घाटावरची दख्खनी मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी पावसाळी शेतकामात वर्षानुवर्षे वापरली गेली, ती याच गुणामुळे. पण श्रावणात आपल्याकडची हवा दमट असली तरी थंड नसते, त्यामुळे लोकरीची ऊब बाळाला जाचते आणि घामोळे येते. ॲक्रिलिक ओलावा जवळजवळ शोषतच नाही, म्हणून घाम त्वचेवरच राहतो. शिवाय ते ज्योतीजवळ वितळते, त्यामुळे शेक-शेगडीच्या आसपास असलेल्या बाळाला ते घालणे मला पटत नाही. बाजारात ॲक्रिलिकही ‘बेबी लोकर’ म्हणूनच मागितले आणि विकले जाते, तेव्हा वेष्टनावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय घेऊ नये. चिठ्ठी नसेल तर दोऱ्याचे टोक चिमट्यात धरून जाळून पाहावे. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते, सूत कागदासारखे जळते, आणि ॲक्रिलिक वितळून त्याचा काळा कडक मणी होतो.

तेव्हा श्रावणातल्या बाळासाठी सुती दोराच घ्यावा, त्यातही मर्सराइज्ड. इंग्लंडमधल्या जॉन मर्सर यांनी १८५० साली पेटंट घेतलेल्या या पद्धतीत सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करतात. पुढे ती प्रक्रिया सूत ताणून धरून करण्याची रीत आली आणि त्यातून सुताला चकाकी मिळू लागली. असे सूत बळकट असते, रंग चांगला धरते आणि त्याला रोवा कमी सुटतो. सुताची एक अडचण लक्षात ठेवावी लागते. ते लोकरीपेक्षा जड असते आणि त्याला स्वतःचा लवचीकपणा नसतो, म्हणून मोठ्या माणसाचा लांब सुती स्वेटर स्वतःच्या भाराने खाली ओघळतो. टोपड्यासारख्या लहान वस्तूला ती अडचण येत नाही.

बाळाच्या कपड्यांत जाळीची वीण टाळावी, कारण इवली बोटे त्यात अडकतात. पायमोजे आतून पाहावेत आणि लोंबणारे धागे अजिबात ठेवू नयेत. टोपड्याचे बंद आखूड असावेत आणि झोपताना टोपडे काढून ठेवावे.

तुमची आवडती लोकर वाया जाणार नाही. दापोली पठारावर आहे आणि तिथली पौष-माघातली थंडी किनाऱ्यापेक्षा बरीच कडक असते. तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचे असेल. त्या वेळेसाठी त्याच लोकरीची बिनबाह्यांची बंडी विणा, सगळ्या सुया सुलट. ही वीण उभी-आडवी दोन्हीकडे ताणली जाते, त्यामुळे वाढत्या बाळाला ती बरेच दिवस होते.

निळा गुंडा

इथे एक भर घालावीशी वाटते, कारण परदेशी नमुने पाहून विणणाऱ्या अनेकींचा सुयांच्या नंबरांवरून गोंधळ होतो. आपल्याकडच्या दुकानांत सुयांचे नंबर अजूनही जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि १२ नंबर म्हणजे २.७५ मिलिमीटर. अमेरिकी पद्धत बरोबर उलट आहे, तिथे आकडा वाढला की सुई जाड होते आणि त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. म्हणून नमुन्यातला नंबर सोडून मिलिमीटरच पाहावेत, आणि सुरुवातीला दहा सेंटिमीटरचा नमुना-तुकडा विणून टाके मोजावेत. गडबडीच्या घरात हा तुकडा वेळेचा अपव्यय वाटतो, पण सबंध स्वेटर उसवण्यापेक्षा तो पुष्कळच स्वस्त पडतो.

सुयांच्या प्रकाराबद्दल सांगायचे तर आमच्या बंदराच्या गावी खाऱ्या वाऱ्याने मुलामा उडालेल्या लोखंडी सुया गंजतात आणि फिकट दोऱ्याला तांबूस डाग पडतात. ॲल्युमिनियमच्या सुयांना तो त्रास नाही. बांबूच्या सुया हाताला हलक्या आणि निसरड्या दोऱ्याला फार चांगल्या, पण पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसून त्या उघड्या हवेत ठेवाव्यात. रेल्वेच्या प्रवासात मी गोल तारेच्या सुया वापरते. शेजारच्या प्रवाशाला कोपर लागत नाही, गर्दीत सुई खाली पडून हरवत नाही, आणि कणकवलीपासून पनवेलपर्यंत एखाद्या मफलरचा चांगला मोठा भाग हातावेगळा होतो.

आगरातली

आवडीच्या लोकरीच्या गप्पा चालल्या आहेत तर हातांविषयीही बोलायला हवे. आमच्याकडे फाल्गुन-चैत्रात ओले काजूगर काढण्याचे काम घरच्या बायकाच करतात. काजूच्या टरफलातल्या चिकाने बोटांची कातडी अक्षरशः सोलून निघते. आधी खोबरेल तेल किंवा राख लावली तरी अंगठ्याची आणि तर्जनीची टोके काळी आणि खरबरीत होतातच. अशा बोटांना मऊ लोकर जागोजागी अडकते, तिचे तंतू ओढले जातात आणि विणताना जो आनंद मिळायचा त्याऐवजी चीडच येते. हंगाम संपल्यावर नवी कातडी येईपर्यंत मी केसाळ किंवा सैल पिळाची लोकर हातात घेत नाही. त्या काळात जाड सुती दोऱ्याचे हातपुसणे किंवा गरम भांडी धरायची चौकोनी फडकी विणते. त्यानंतर आमसुलांचा हंगाम येतो आणि कोकमाच्या रसाने बोटे लाल होतात. त्या हातांनी पांढऱ्या सुताला शिवायचेच नाही, हा आमच्या घरातला नियम आहे.

म्हणून माझ्या दृष्टीने सोपी वीण की अवघड वीण हा प्रश्न दुय्यम आहे. हातांची, हवेची आणि लोकरीची वेळ जुळली पाहिजे. माझ्याकडे ती वेळ दिवाळीनंतर येते. भात झोडून झालेले असते, हवा कोरडी होते, हात मऊ झालेले असतात. वर्षातली सर्वांत लाडकी लोकर मी तेव्हाच सुईवर घेते, आणि तेव्हा नमुनाही मनाजोगता निवडते.

बंदरावरचा

मी इथे बहुधा एकटाच पुरुष लिहितो आहे. आमचे कुटुंब मासेमारी करणारे आहे. जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, तेव्हा वडील आणि काका पडवीत बसून जाळी दुरुस्त करतात. त्यांच्याजवळ बसूनच माझ्या हाताला दोऱ्याची सवय लागली आणि सुयांवरचे विणकाम मी पुढे आईकडून शिकलो.

या दोन कामांत एक मूलभूत फरक आहे आणि तो समजल्यापासून मला विणकाम अधिक चांगले जमू लागले. जाळ्याच्या प्रत्येक घराला स्वतःची गाठ असते, म्हणून एखादे घर फाटले तरी शेजारची घरे सुटत नाहीत. सुयांवरच्या विणकामात गाठ कुठेच नसते. प्रत्येक टाका वरच्या टाक्यात अडकवलेला फास असतो आणि वरचा सुटला की खालचाही मोकळा होतो. कापड ताणले जाते, अंगाबरोबर हलते आणि ऊब धरून ठेवते ते याच रचनेमुळे, आणि एक टाका निसटला की थेट खालपर्यंत शिडी पडते तीही याच रचनेमुळे. निसटलेला टाका पाहून घाबरून सगळे उसवण्याची मुळीच गरज नसते. क्रोशाची सुई त्या मोकळ्या फासात समोरून घालायची, शिडीची सर्वांत खालची पायरी तिने ओढून फासातून बाहेर काढायची आणि असे एकेक पायरी चढत वर येऊन टाका पुन्हा डाव्या सुईवर ठेवायचा. सुलट बाजूने हे काम दोन मिनिटांत होते. उलट टाक्यांची शिडी असेल तर काम पालटून मागच्या बाजूने हेच करावे.

ओटीवरची सुई यांचे मत मला पटते. आवडती लोकर सोप्या विणीत घेतली की निसटलेला टाका लगेच दिसतो आणि लगेच सावरतो. जाळीच्या विणीत तो मुद्दाम सोडलेल्या भोकांमध्ये लपून राहतो.

माजघर

बंदरावरचा, फास आणि गाठ यांतला फरक आपण फार नेमका सांगितलात. जाळीत निसटलेला टाका लपतो हेही खरे आहे, म्हणूनच आधारदोऱ्याशिवाय मी जाळी करत नाही.

साठवणीविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. कसर लागते ती लोकरीला आणि रेशमाला, कारण अळीचे खाद्य प्राणिज तंतू हेच असते. सुताला आणि बांबूच्या दोऱ्याला कसरीपेक्षा बुरशीचे भय जास्त. मृग लागण्यापूर्वी सगळे गुंडे उन्हात पसरावेत, विणलेले कपडे कोमट पाण्यात रिठ्याने धुऊन, न पिळता, टॉवेलात गुंडाळून दाबून आडवे वाळवावेत, आणि पूर्ण वाळल्यावरच डब्यात भरावेत. लोकर गरम पाण्यात चोळली तर तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकून ती आटते आणि नमद्यासारखी होते, ते पुन्हा पूर्ववत होत नाही. डब्यात वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवावेत. गणपती आटोपले की ऑक्टोबरच्या उन्हात सगळे पुन्हा एकदा काढावे.

खाडीपलीकडे काकू, बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कृपा करून ठेवू नका. त्यातल्या नॅप्थलीनमुळे जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या नवजात बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि अशी कमतरता आहे की नाही हे वरून बाळाकडे पाहून कळत नाही.

खाडीपलीकडे

सर्वांचे मनापासून आभार. डांबरगोळ्यांची माहिती सुनेलाही कळवली आहे. आता शेवटचे दोन प्रश्न. टोपड्यासाठी टाके किती घालावेत आणि दोरा किती आणावा? आमच्या गावच्या दुकानात एका रंगाचे दोन-तीनच गुंडे असतात.

ओटीवरची सुई

काकू, पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटिमीटर असतो आणि टोपडे त्याहून थोडे कमी, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर घेराचे विणावे. बारीक सुती दोरा १० नंबरच्या सुयांवर विणला की दहा सेंटिमीटरमध्ये साधारण २८ टाके बसतात, त्या हिशेबाने ९२ टाके घाला. हा आकडा चाराने विभागला जातो, त्यामुळे काठाला दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी बरोबर बसेल. तुमच्या हाताची वीण सैल असेल तर नमुना-तुकड्यावरून टाके कमी करा. टोपड्याला ५० ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो आणि उरलेल्यात पायमोजे होतात.

कुंचीला जास्त दोरा लागेल, तेव्हा सगळे गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या. रंगाचे नाव तेच असले तरी दुसऱ्या लॉटमध्ये छटा किंचित बदलते आणि उन्हात ती ओळखू येते. एका लॉटचे पुरेसे मिळाले नाहीत तर दोन ओळी एका गुंड्याच्या आणि दोन ओळी दुसऱ्या गुंड्याच्या अशा आलटून पालटून विणा, म्हणजे फरक मिसळून जातो.

माजघर आणि आगरातली, तुम्हां दोघींचे प्रतिसाद वाचून मी माझे मत थोडे बदलते आहे. ज्यांना रात्रीचा निवांत अर्धा तास मिळतो आणि ज्यांच्याकडे दिवाळीनंतरचे मोकळे दिवस असतात, त्यांनी आवडत्या लोकरीवर नक्षी अवश्य करावी. माझ्यासारख्या हाकेसरशी उठणाऱ्यांसाठी मात्र मी अजूनही सगळ्या सुया सुलटच सुचवीन.

खाडीपलीकडे

९२ टाके टिपून घेतले. उद्या चिपळूणच्या बाजारात जाते आहे, तिथे एका लॉटचे पाच गुंडे मिळतात का ते पाहते. मनालीची लोकर कालच ट्रंकेतून काढून उन्हात ठेवली. बंडीसाठी बाळाच्या छातीचे माप सहा महिन्यांच्या हिशेबाने किती धरावे, ते कोणी सांगितले तर तिचेही टाके मोजून ठेवीन.